देवधानाच्या गाठी

माझे वडील तलाव मोजत. शाळेत हे सांगितलं की मुली हसायच्या. शेत मोजतात, कापड मोजतात, तलाव कोण मोजतं? पण मालगुजारी गेली, मालगुजारांचे तलाव सरकारचे झाले, आणि आपल्या पदरात नेमकं काय पडलंय हे सरकारला पाहायचं होतं. त्यासाठी बाबांसारखी माणसं चांदा जिल्ह्याच्या रानात पाठवली गेली. एक लोखंडी साखळी, तांबडे-पांढरे रंगवलेले बांबू, नकाशे ठेवायची पत्र्याची नळी आणि दोन गडी एवढा सरंजाम घेऊन बाबा या तलावावरून त्या तलावावर जात, आणि दिवाळीच्या सुट्टीला जोडून मिळतील तेवढे दिवस शाळा बुडवून मी आणि आई त्यांच्या मागे रेंगीत बसून जात असू. रेंगी म्हणजे त्या भागातली हलकी बैलगाडी. तिच्यात बसलं की पोटातलं अन्न आपोआप पचतं असं आई म्हणे, आणि ते कौतुकानं म्हणत नसे.

ज्या गावाबद्दल लिहायला बसले आहे त्याचं नाव लिहीत नाही. त्या नावाची तिकडे तीन गावं आहेत आणि तिन्ही गावचे लोक आमचंच म्हणतील. सिंदेवाहीहून निघालं की रेंगीनं दिवस मावळायला पोचता येई. अलीकडे धानाची शेतं, पलीकडे डोंगर आणि साग-बांबूचं रान, आणि मधे तलाव. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्याआधी वर्ध्याकडचं पाणी पाहिलेलं, म्हणजे विहिरीतलं नाहीतर नदीतलं गुडघाभर. एवढं पाणी एका जागी गुपचूप बसून राहू शकतं हे मला पटायला दोन दिवस लागले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की समोरचं रान उलटं दिसे. काठाकाठानं कमळं, मग शिंगाड्याचे वेल, आणि एका अंगाला, जिथं पाणी उथळ होत जाई, तिथं माणसाएवढं उंच गवत. पाणी सोडायच्या दाराला तिथं तुडूम म्हणत. धान निसवायच्या, म्हणजे लोंबीवर यायच्या दिवसांत तुडूम रात्रंदिवस उघडं असे आणि त्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येई. पहिल्या रात्री आईला झोप आली नाही. आठ दिवसांनी तुडूम बंद केलं तेव्हाही आली नाही.

चावडीमागच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या होत्या. आईची तिथली मोठी तक्रार म्हणजे भात. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात आणि उरलेल्या भाताची दुसऱ्या दिवशी आंबील. ज्वारीच्या भाकरीवाचून तिला जेवल्यासारखं वाटत नसे. वरून लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, आणि शेजारून आलं तर वांग्यात घातलेले झिंगे. आई माळकरी घरातली, ती झिंग्यांकडे पाहायचीसुद्धा नाही. मला आणि बाबांना मात्र ती ते परसात बसून खाऊ देई, आणि खाऊन झाल्यावर भांडं राखेनं दोनदा घासायला लावी. आज माझ्या सुनेच्या फ्रीजमध्ये सगळ्या प्रकारची मासळी असते. त्या झिंग्यांची चव एकीलाही नाही, हे मी तिला सांगत नाही, कारण ती स्वयंपाक चांगला करते.

झिंगे आणून देणारी भागरताबाई. ढिवराची, म्हणजे तिकडच्या मासेमाराची बाई. तलावाच्या काठी ढिवरांची पाच घरं होती, त्यांतलं एक तिचं. अंगानं काटक, आवाजानं भारी, आणि नवरा गेल्यावर स्वतःच डोंगा हाकणारी. तिची मुलगी जयवंता माझ्याच वयाची. आम्ही पहिल्या दिवशी एकमेकींकडे टक लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी तिनं मला कच्चा शिंगाडा सोलून दिला, आणि तिसऱ्या दिवसापासून मी घरी फक्त जेवायला जाऊ लागले. डोंगा म्हणजे आतून कोरून काढलेलं एक लाकूड. त्यात बसणं सोपं, बसून राहणं कठीण. जयवंतानं मला बांबूनं तो रेटायला शिकवलं. "हालू नोको," ती म्हणे. "तू हालली की थो हालते. तू भेली की थोही भेते." चार वेळा पाण्यात पडून पाचव्या वेळी मला जमलं. त्या दिवशी मी जेवताना इतकी ताठ बसले होते की आईनं विचारलं, पाठ दुखते का?

बाबांचं काम पाहायला मला आवडे. कधी ते मला रानातून पलीकडच्या गोंडांच्या गावाला नेत. तिथं जुने लोक सांगत की पूर्वी पाणी कुठवर येई, कोणत्या मोहाच्या बुंध्याला लागे. बाबा लिहून घेत. तिथली माणसं "जोहार" म्हणून आम्हाला अंगणात बाजेवर बसवत आणि पळसाच्या पानावर भाजलेला कंद देत. परतताना बाबा मला पक्ष्यांची नावं विचारत, आणि त्यांना स्वतःला ती येत नसल्यामुळे मी सांगेन ते बरोबर धरत. पण बाबांच्यात एक उणं होतं, आणि ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना पोहता येत नसे आणि डोंग्यात बसायची त्यांना छातीत धडकी भरेल अशी भीती होती. जन्मभर तलाव मोजले ते काठावरून. पाण्यात जायचं काम गड्यांवर सोपवत.

या तलावाच्या उथळ अंगाला पाण्याची हद्द दिसत नव्हती, कारण तिथं ते उंच गवत होतं. गवत कुठवर पाण्यात आहे आणि कुठून जमिनीत, हे लांबून ठरवणं अवघड. म्हणून बाबांनी गड्यांकडून पाण्यात गवताच्या पेंड्या धरून त्यांना चिंध्या बांधून घेतल्या. त्या खुणांवर काठावरून नजर लावून ते मोजत. पांढरं कापड संपलं तेव्हा त्यांनी आईचं एक जुनं लुगडं फाडलं. आईनं त्यावर दोन दिवस अबोला धरला, कारण ते जुनं होतं पण टाकायचं नव्हतं. त्यामुळे खुणा काही पांढऱ्या झाल्या, काही हिरव्या, काही विटक्या तांबड्या.

मोजणी झाली. दुसऱ्या दिवशी गडी सामान घेऊन पुढच्या तलावाकडे निघाले आणि बाबा खोलीत नकाशा काढत बसले. मला म्हणाले, "कुसुम, तुला डोंगा येतो ना आता? जा, आपल्या चिंध्या सोडून आण. सरकारी खुणा कामानंतर ठेवू नयेत. गाठ दिसेल तिथं सोड."

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. जयवंता मामाच्या गावी गेलेली. ढिवरांच्या बाया हलकं धान कापायला शेतांवर गेलेल्या. मी एकटी. बाबांनी सोपवलेलं पहिलं काम, आणि तेही ते स्वतः करू शकत नाहीत असं. मी डोंगा गवतात घातला. पेंड्या दिसत होत्या. कणसांच्या खाली आवळून बांधलेल्या. कुठं पांढरी चिंधी, कुठं रंगीत, कुठं नुसता पळसाच्या मुळीचा वाख. मला वाटलं, चिंध्या पुरल्या नसतील तिथं गड्यांनी वाख वापरला असेल. मी सोडत गेले. पेंडी सुटली की कणसं फाकत आणि त्यांतून दाणे पाण्यात पडत. बारीक, टपटप, सगळीकडून. मी एक सोडली की थांबून तो आवाज ऐके आणि मग दुसरीकडे जाई. लांब कुसळं होती, ती हातांना टोचत, कुसळं कातडीत मोडून राहत. पण मी एकही गाठ ठेवली नाही. दुपारी चिंध्यांचा एवढा मोठा बोळा घेऊन घरी आले. बाबा नकाशात मान घालून होते. म्हणाले, "शाबास." आईनं मात्र बोळा उलगडून पाहिला आणि म्हणाली, "माझं लुगडं एवढं मोठं होतं?"

संध्याकाळी तलावाकडून भागरताबाईचा आवाज आला. मी त्या बाईला नेहमी मोठ्यानं बोलताना ऐकलं होतं, पण तो आवाज बोलण्याचा नव्हता. लोक पाळीवर धावले. मीही गेले. ती डोंग्यात उभी होती, हातात सुटलेली कणसं, आणि ती रिकामी होती.

तेव्हा लोकांच्या बोलण्यातून मला कळलं. ते गवत नव्हतं. ते देवधान होतं. न पेरता, न नांगरता तलावात आपोआप येणारं धान. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, तेव्हा सगळ्या मुलखातल्या बाया हेच शिजवतात, आणि ढिवरांच्या बाया वर्षभर ते जपून ठेवून घरोघर देतात. त्याच्या बदल्यात कुणी लुगडं देई, कुणी डाळ, कुणी तेल. ते पिकलं की वारा लागताच झडतं. म्हणून ते हिरवं असतानाच, आम्ही त्या गावात यायच्या आधी, पाच घरच्या बायांनी आठ-आठ दिवस पाण्यात उभं राहून पेंड्या बांधल्या होत्या. प्रत्येक घराची गाठ वेगळी. कुणाची चिंधी, कुणाचा वाख. त्या गाठीला दुसऱ्या घरचा हात लागत नसे. उन्हाळ्यात भांडण झालेल्या दोन जावासुद्धा एकमेकींच्या गाठीजवळून डोंगा वळवून नेत. आणि मी त्या सगळ्या सोडल्या होत्या.

भागरताबाई काठावर आली आणि मटकन खाली बसली. कुणीतरी विचारलं, "कोनं सोडल्या व?"

"कोन सोडन?" ती म्हणाली. "आपल्यातला त कोनी हात लावत नाई."

मग पाळीवरच्या सगळ्या माणसांनी मागे वळून चावडीकडे पाहिलं. मी त्यांच्यातच उभी होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढिवरांतले दोघे बाबांकडे आले. त्यातला म्हातारा महादूभाऊ हात जोडून म्हणाला, "साहेब, तलाव सरकारनं घेतला, थे आम्हाले मालूम हाये. पन देवधान बी घेतलं का? तसं सांगाचं होतं. गाठी काऊन सोडल्या?"

बाबा चिडले. आपल्यावर आळ आला की ते शहाण्यासारखं वागत नसत. म्हणाले, "मी कशाला सोडू तुमच्या गाठी? मला दुसरं काम नाही?" ते दोघे गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू आपल्याच खुणा सोडल्यास ना?"

मी मान हलवली. हो. ही मान मी कशी हलवली, हे मला आजही सांगता येत नाही. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. बाबांनी आदल्या दिवशी शाबास म्हटलं होतं, तेवढंच डोक्यात होतं. हात मी परकराच्या घोळात लपवले होते. कुसळं रुतून तळवे सुजले होते. रात्री जेवताना दुखत होते म्हणून मी चार घास खाऊन उठले. आईनं एकदा पाहिलं, पण तिला वाटलं असेल की मी रुसले आहे.

त्या दिवशी भागरताबाई झिंगे घेऊन आली नाही. जयवंता मामाकडून परतली होती. मी तिच्या दाराशी गेले तेव्हा ती आत पळाली. आतून भागरताबाईचा आवाज आला, "तिच्यासंग जाऊ नोको. ते साहेबाची पोट्टी हाये." इतके दिवस मी कुसुम होते.

संध्याकाळी जयवंताच मागच्या बाजूनं आली, बांधाआड उभी राहिली. तिचा चेहरा रडून सुजला होता. म्हणाली, "उद्या सकारी आमचे लोक सारे शिंगाडे उपटून राह्यले. वेलासकट. मासोळ्याही धरनार हायेत, बारक्यासकट. महादूबुढा म्हनते, सरकारनं नेन्यापरीस आपनच काहाडू. जे भेटन थे."

"पण शिंगाडे तर कच्चे आहेत."

"कच्चेच काहाडतीन. मंग पुढच्या साली बी नाई राहनार." ती गेली. मला जेवण गेलं नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला आणि सुंठ उगाळून दिली. ती मी मुकाट्यानं प्यायले.

आता या वयात मला वाटतं, त्या रात्री मी बाबांना उठवून सांगायला हवं होतं. ते ओरडले असते आणि मग सगळं सरळ झालं असतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला ओरड्याची जेवढी भीती असते तेवढी पुढं आयुष्यात कशाचीच राहत नाही. उजाडताना बाहेर टोपल्यांचा आवाज आला, तसं मला वाटलं की आता त्या टोपल्या पाण्यात उतरल्या तर त्या परत रिकाम्या करता येणार नाहीत. मी अनवाणी पळाले.

पाळीवर पाचही घरची माणसं होती. डोंगे सोडायची तयारी चाललेली. महादूभाऊनं बांबू हातात घेतला होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगितलं. गाठी मी सोडल्या. बाबांनी आमच्या खुणा सोडायला सांगितलं होतं, मला तुमच्या कळल्या नाहीत. सरकारनं काही घेतलं नाही. काल बाबांशी मी खोटं बोलले.

मग मागून एक बाई म्हणाली, "साहेबानं शिकवून धाडली पोट्टीले."

"मंग काय त," दुसरी म्हणाली. "एकली पोट्टी पाच घरच्या गाठी सोडन? मोठ्या बायालेबी दोन दिस लागतीन."

यासाठी मी तयार नव्हते. मार मिळेल, शिव्या मिळतील, बाबांकडे नेतील, हे सगळं मी रस्त्यानं धरून चालले होते. खरं बोलल्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, हे मला सुचलं नव्हतं. महादूभाऊनं मला हलकेच बाजूला केलं, डोंग्याच्या दिशेनं पाऊल टाकलं. मी हुंदके देऊ लागले आणि डोळे पुसायला हात वर केले.

भागरताबाईनं माझं मनगट धरलं. जोरात. तिनं माझी मूठ उघडली, तळवा उजेडाकडे फिरवला आणि वाकून पाहिला. मग दुसरा. बोटांच्या पेरांत, अंगठ्याच्या खाली, काळी टोकं रुतलेली, भोवती लाल फोड. तिनं स्वतःचे दोन्ही हात माझ्या हातांशेजारी धरले. तिच्या बोटांवर त्याच जागी तशाच जुन्या खुणा होत्या, पाच-पन्नास, एकावर एक. बाकीच्या बाया जवळ आल्या आणि आपापल्या हातांकडे पाहू लागल्या.

"महादूभाऊ, बांबू ठेवा," ती म्हणाली. "पोट्टी खरं सांगून राह्यली. देवधानाची कुसं हायेत. साहेब शिकवन, पन कुसं कोठून शिकवन?"

महादूभाऊनं बांबू खाली ठेवला. टोपल्या एकेक करून खाली आल्या. मग भागरताबाई पाळीवर फतकल मारून बसली, मला समोर बसवलं आणि बाभळीच्या काट्यानं माझ्या हातातली कुसळं काढू लागली. जयवंता माझ्या पाठीशी येऊन टेकली. मी रडत होते ते दुखतंय म्हणून आहे असं समजून भागरताबाई फुंकर घालत होती. मधेच म्हणाली, "दोन दिस अशीच फिरली तू? मायले काऊन नाई दाखवलं?" एवढ्यात बाबा मला शोधत आले. गर्दी पाहून थबकले. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता बसणार. पण ते म्हणाले, "चूक तिची नाही. गाठ दिसेल तिथं सोड, असं मीच सांगितलं. कुणाच्या गाठी आहेत हे मी विचारलंच नव्हतं."

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याची किंमत मला आणि आईलाच ठाऊक. ते डोंग्यात बसले. भागरताबाई हाकायला. दोन्ही काठ घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून, ते सबंध सकाळ त्या गवतात फिरले आणि कोणत्या घरच्या गाठी कुठून कुठवर असतात ते विचारून, काठावर आल्यावर नकाशावर लिहिलं. वहिवाट, ढिवरांची, पाच घरं. पुढं त्या नकाशाचं काय झालं, तो कुणी वाचला की कपाटात राहिला, मला ठाऊक नाही. पण महादूभाऊच्या माणसांनी त्या वर्षी शिंगाडे कच्चे उपटले नाहीत. नकाशा नव्यानं काढण्यात आमचा मुक्काम लांबला, म्हणून ते पिकले तेव्हा आम्ही तिथं होतो आणि आईनं ते भाताऐवजी दोन वेळा खाल्ले.

निघायच्या दिवशी मी भागरताबाईकडे गेले. आईनं एक धड लुगडं दिलं होतं, ते तिनं ठेवून घेतलं. मी विचारलं, तुमचं यंदाचं देवधान गेलं, आता ऋषिपंचमीला काय कराल? ती म्हणाली, "पान्यात पडलं, पान्यातून येईन. त्याची काळजी नोको करू." मग मला जवळ ओढून म्हणाली, "पन आमच्यात असं हाये बाई. जिनं गाठ सोडली, तिनंच बांधाची. पुढच्या साली हिरवं असतानीच येजो. पाच घरच्या गाठी हायेत तुह्यावर. जयी शिकवन तुले."

मी हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. पौषात बाबांची बदली झाली, कोरपन्याकडे, कापसाच्या मुलखात, तिथं तलाव नव्हते. मग शाळा, मग लग्न, मग मुंबई. वडशाला एकदा भाचीच्या लग्नाला गेले होते, तिथून ते गाव दिवसाभराच्या अंतरावर होतं. परतीची तिकिटं काढलेली होती.

भागरताबाईनं दुसऱ्या वर्षी गवत हिरवं असताना वाट पाहिली असेल का? जयवंतानं पाळीवर उभं राहून रस्त्याकडे पाहिलं असेल का? एवढा एकच दंड मला झाला होता, आणि तोही प्रेमानं. तो मी भरला नाही.